समोरून चोवीस

सोमवार, ३ फेब्रुवारी

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "बाई, राग आला की बोलू नका, लिहून काढा." म्हणून ही वही. आज लगेच कामाला आली.

मुख्याध्यापिकांनी मला आणि माझ्या भावजयीला एकत्र बोलावलं. भावजय म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. घरात होतीच, गेल्या वर्षीपासून शाळेतही आली, कॉम्प्युटर शिकवायला. आता उठल्यापासून झोपेपर्यंत तिचंच तोंड बघायचं, मध्ये मधली सुट्टीसुद्धा नाही. तर हुकूम असा: दुसरीच्या मुलांना बायनरी आकडे शिकवायचे. अठ्ठावीस तारखेला तपासनीस येणार, पालक येणार, हॉलमध्ये प्रात्यक्षिक करून दाखवायचं. अ तुकडी माझी, ब तुकडी तिची. मग हळूच खरी गोष्ट बाहेर आली. पुढच्या वर्षी मुलं कमी आहेत. दोन तुकड्यांची एक होणार आणि दुसरीला एकच बाई राहणार. "आणि भांडारखोली सांभाळायलाही कोणीतरी हवंच आहे," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. माझ्याकडे न बघता.

भांडारखोली म्हणजे खडूंची खोकी, गुंडाळलेले नकाशे आणि तीन पायांचे बाक. एकतीस वर्षं मी दुसरी शिकवते आहे. निम्म्या गावाच्या आईबापांना मी हातचा घ्यायला शिकवलाय.

मी विचारलं, "बायनरी म्हणजे नक्की काय?" भावजय लगेच पुढे सरसावली. "सोपं असतं ताई, मी दाखवते ना घरी." सोपं असतं म्हणे. माझं मी बघून घेईन, म्हटलं.

मला ती आवडत नाही. डॉक्टर, लिहिलं बघा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझं मी बघितलं. दोन पुस्तकं आणली, दोन्ही मिटून ठेवली. देवाने दहा बोटं दिलेली असताना शून्य आणि एक एवढ्यावरच का भागवायचं, हेच मला कळेना.

शेवटी मुंगीने शिकवलं. मुंगी माझी भाची, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. एवढीशी आहे आणि सारखी कामात असते, म्हणून मुंगी. ती आईच्या ब तुकडीत आहे, हे माझं नशीब. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिची जागा माझ्या समोर. तिने कपड्यांचे चिमटे आणले आणि ढीग लावले. एक, दोन, चार, आठ, सोळा.

"आत्या, प्रत्येक ढीग आधीच्याच्या दुप्पट. आता एकतीसपर्यंत कोणताही आकडा सांग. पण ढीग मोडायचा नाही. घेतला तर अख्खा घ्यायचा."

मी म्हटलं, तेरा. तिने आठ, चार आणि एक असे ढीग पुढे ढकलले. एकवीस म्हटलं. सोळा, चार, एक. मी मुद्दाम अवघड म्हणून तीस सांगितलं, तर तिने एकाचा ढीग तेवढा स्वतःकडे ठेवला आणि बाकी सगळे माझ्या ताटाला लावले.

"दिला तिथे एक लिहायचा. नाही दिला तिथे शून्य. झालं."

झालं. एवढ्यासाठी चारशे पानांची पुस्तकं लिहितात लोक. मी म्हटलं, आईला सांगू नको हं मी तुझ्याकडून शिकले ते. तिने ओठांवर बोट ठेवलं. पोरगी पोटात ठेवणारी आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज अ तुकडीत पिशव्या चालवल्या. जुन्या पडद्याच्या पाच पिशव्या शिवल्या, त्यांत गोट्या भरल्या, एकपासून सोळापर्यंत दुपटीने. तोंडं दोऱ्याने घट्ट बांधली. फळ्याजवळ टेबल मांडून दुकान लावलं. गिऱ्हाईक म्हणणार, एकोणीस गोट्या द्या. दुकानदाराने पिशवी उघडायची नाही. द्यायची तर अख्खी, नाहीतर ठेवायची.

पहिल्या मुलीने सोळाची पिशवी दिली आणि रडकुंडीला आली. "बाई, आता तीनची पिशवीच नाहीये." मी गप्प राहिले. ही वेळ मला माहीत आहे, इथे बाईने तोंड उघडलं की सगळं वाया. अर्ध्या मिनिटाने तिचं तिलाच सुचलं, दोन आणि एक. मग फळ्यावर लिहिलं: १००११. वर्ग त्या आकड्याकडे असा बघत राहिला जसं काही त्यांनीच तो शोधून काढलाय.

मागच्या बाकावर एक डुलक्या बसतो, कायम पेंगतो. तो जागा होऊन म्हणाला, "बाई, बत्तीस मागितल्या तर?"

"तर अजून एक पिशवी शिवावी लागेल."

"बत्तीसची," तो म्हणाला आणि पुन्हा डोकं टेकलं.

मागचे बाक म्हणजे मागचा गट. हा मीच सुरू केला, वीस वर्षांपूर्वी. जी मुलं चुकतात त्यांना तिथे बसवायचं, त्यांना सोपी गणितं द्यायची, पुढच्यांचा खोळंबा नको. आता तो सगळ्या शाळेत चालतो. एकदा मागे गेलेलं मूल पुढे येताना मी फारसं पाहिलेलं नाही, म्हणजे माझी निवड बरोबर असते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भावजय माझ्या वर्गाच्या दारात उभी राहून पिशव्या बघून गेली. संध्याकाळी सगळ्या शिक्षकांसमोर मुख्याध्यापिकांना म्हणते, "ताईंच्या पिशव्यांमुळे माझ्याही मुलांना कळलं. प्रात्यक्षिकात आधी पिशव्या दाखवू या का, मग आमची रांग?" मोठेपणा दाखवायची हौस. माझ्या पिशव्यांवर स्वतःची इमारत बांधायची आणि वर आभार मानायचे. मी म्हटलं, माझं प्रात्यक्षिक माझं, तुझं तुझं.

घरी आले तर माझ्या चष्म्याची सैल झालेली काडी कोणीतरी घट्ट करून ठेवली होती. भावाला विचारलं, तर तो वर्तमानपत्राच्या मागून म्हणाला, "मी नाही." हा माणूस मी वाढवला, आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आता बायको आणि बहीण एका खोलीत असल्या की हा त्याच पानावरचं हवामान चार वेळा वाचतो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

तिची रांग बघून आले. कॉम्प्युटरच्या खोलीत फळ्यावर पाच चौकोन आखलेत, डावीकडून सोळा, आठ, चार, दोन, एक. पाच मुलं आपापल्या चौकोनासमोर फळ्याकडे तोंड करून उभी. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा दिवा, एक टोक पिवळं, एक काळं, पुढून-मागून सारखंच. ती आकडा सांगते, मुलं दिवे डोक्यावर धरतात, मागे बसलेला वर्ग वाचतो. वरचं टोक पिवळं म्हणजे एक, काळं म्हणजे शून्य. मुंगी एकाच्या जागी, अगदी उजव्या टोकाला. सगळ्यांत लहान ना.

देखणं आहे, खोटं कशाला बोलू. मुलं सैनिकांसारखी सटासट दिवे फिरवतात. माझ्या पिशव्या त्यापुढे दळणाच्या वाटतात.

भांडारखोलीला खिडकी एकच आहे, तीसुद्धा सायकली लावतात त्या बाजूला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवते.

हॉल रंगवायला काढला होता, आज एक तास मिळाला. तिथे फळा नाही. भावजयीने मंचाच्या मागच्या बाजूला उभं राहून पाचही मुलांना आपल्यापुढे, स्वतःच्या डावीकडून सोळा ते एक अशा त्याच क्रमाने, उभं केलं आणि म्हणाली, "आता लोकांकडे तोंड करा." मुलं जागच्या जागी वळली. ती स्वतः त्यांच्या मागे उभी, रोजच्यासारखी. मला म्हणाली, "ताई, तुम्ही समोर बसून बघता का? लोकांना नीट दिसतंय ना, एवढंच सांगा."

मी तिसऱ्या रांगेत बसले. हातात पालकांना द्यायचा कागद होता, त्यावर छापलेलं सोळा, आठ, चार, दोन, एक. ती म्हणाली, "तीन." मुंगीने आणि तिच्या शेजारच्या मुलाने दिवे पिवळे केले. मी वाचलं. समोरून चोवीस दिसत होतं.

पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं. मग कळलं. मुलं वळली, पण क्रम नाही वळला. मुंगी तिच्या उजव्या टोकाला, म्हणजे माझ्या डाव्या. फळ्याकडे तोंड असताना सगळे एकाच बाजूने बघत होते, आता ती तिकडून आणि आम्ही इकडून. मागे उभ्या असलेल्या तिला ते दिसणंच शक्य नव्हतं.

"दिसतंय ना ताई?"

"दिसतंय," मी म्हटलं. "ठीक आहे सगळं."

खोटं नाही बोलले. दिवे दिसतच होते.

ती खूश होऊन म्हणाली, "तुम्ही बघितलंत, आता मला काळजी नाही." एवढी शिकलेली बाई, स्वतः खाली उतरून बघायला काय झालं होतं? मी तिची चाकर आहे का? एकतीस वर्षांत मला कोणी येऊन सांगितलं नाही की बाई, तुमचं हे चुकतंय. मी माझ्या चुका माझ्या मी काढल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

मुंगीला कळलं.

जेवताना समोर बसून तिने उजवा हात वर केला, तळवा स्वतःकडे, आणि नुसता अंगठा उभा केला. त्यांच्या बोटांच्या खेळात अंगठा म्हणजे एक, करंगळी म्हणजे सोळा. "आत्या, किती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सोळा."

ती आधी हसली. मग हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खुर्चीवरून उतरून माझ्या बाजूला आली, तिथून बघितलं आणि परत तिकडे गेली. तोंडातला घास तसाच. "आत्या, तुझ्याकडून उलटं दिसतं. म्हणजे हॉलमध्ये पण..." सात वर्षांची पोर.

तिची आई बाहेर दोरीवरचे कपडे काढायला गेली होती. मुंगी धावत निघाली, "आईला सांगते." मी तिचा दंड धरला. जरा जास्तच घट्ट धरला असेल.

"नको सांगू," मी म्हटलं. "हे आपल्या दोघींचं गुपित."

"पण मग चुकेल ना."

"नाही चुकत. मोठ्या माणसांना कळतं कसं वाचायचं ते."

तिने थोडा वेळ विचार केला. मग ओठांवर बोट ठेवलं, त्या दिवशीसारखं. फक्त हसली नाही.

दंडावर वळ नाही, मी बघितलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

झालं एकदाचं.

माझ्या पिशव्या छान झाल्या. डुलक्यालाही घेतलं होतं दुकानदार म्हणून, आयत्या वेळी एक मुलगा तापाने आला नाही म्हणून. एकही चुकला नाही. टाळ्या बऱ्या मिळाल्या.

मग रांग. तपासनीस चिठ्ठीवर आकडा लिहिणार, भावजय तो मुलांना मागून हळूच सांगणार, मुलं दिवे फिरवणार आणि पालकांनी कागद बघून ओळखायचा. पहिली चिठ्ठी चार. मधला दिवा लागला. मधला इकडूनही मधलाच. सगळा हॉल ओरडला, "चार." टाळ्या. दुसरी सतरा. दोन्ही टोकांचे दिवे. तोही सारखाच. हॉल म्हणाला, "सतरा." हिचं नशीब तरी केवढं, असं मनात आलं. आणि खरं लिहायचं तर छातीवरचं ओझं जरा उतरल्यासारखंही झालं.

तिसरी चिठ्ठी तीन. हॉल म्हणाला, "चोवीस."

तपासनीस हसले. "पुन्हा करा." सहा लिहून दिले, लोकांनी बारा वाचले. भावजय दिव्यांकडे मागून बघतेय, तिला सगळं बरोबरच दिसतंय. तिचा चेहरा पांढरा पडला. लोक कुजबुजायला लागले. तपासनीस मंचापाशी गेले आणि मुलांना म्हणाले, मऊ आवाजात, "कोणाचं चुकतंय बाळांनो?"

मुंगीने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत मी कुठे बसलेय ते तिला बरोबर माहीत होतं. मी मांडीवरचा कागद बघायला लागले.

"माझं," ती म्हणाली. "मी चुकले."

"शाबास, खरं बोललीस," तपासनीस म्हणाले.

भावजय तिला जवळ घ्यायला गेली, तर ती आईचा हात सोडवून पुठ्ठ्याचा दिवा छातीशी धरून उभी राहिली. रडली नाही. घरी आल्यावर मात्र मला स्वयंपाकघरात एकटीला गाठून कानात म्हणाली, "मी नाही सांगितलं आत्या."

मला जेवण गेलं नाही. दुपारच्या चहाने पित्त झालं असावं.

सोमवार, ३ मार्च

मुख्याध्यापिकांनी एकटीला बोलावलं. दुसरी माझ्याकडेच राहणार. भावजयीची नोकरी कायम व्हायची होती, ती आता होणार नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिला यायची गरज नाही. मग एक कागद पुढे केला. तपासनिसांना लेखी खुलासा हवाय.

वाचला. "सरावाच्या वेळी ज्येष्ठ शिक्षिकेने समोर बसून खात्री केली होती, तेव्हा मांडणीत दोष नव्हता. एका विद्यार्थिनीला स्थानांची समज नसल्याने आकडा चुकला. तिला पुढील वर्षी मागच्या गटात बसवण्यात येईल." खाली माझ्या सहीची जागा.

"पोरगी तुमच्या घरातली आहे, मला कल्पना आहे," त्या म्हणाल्या. "पण तिने स्वतः सर्वांसमोर कबूल केलं. आणि गट तुमचाच, नियम तुमचाच."

मी म्हटलं, चष्मा आणला नाही, उद्या सही करते. चष्मा डोळ्यांवर होता.

जाता जाता म्हणाल्या, "तुमची भावजय आधी येऊन सांगून गेली होती, काहीही झालं तरी दुसरी ताईंकडेच ठेवा, मी वरच्या वर्गांना शिकवेन. वेडी आहे."

हे कशाला सांगितलं मला? डोकं उठलंय. ती चांगली असेल तर मी काय करू?

मंगळवार, ४ मार्च

रिकाम्या वर्गात मागच्या बाकावर बसून बघितलं, मुलं गेल्यावर. तिथून फळ्याच्या कोपऱ्यात उजेड चमकतो आणि शेवटचे दोन आकडे दिसतच नाहीत. वीस वर्षं मी तिथे बसले नव्हते.

मग हॉल उघडून घेतला. अ तुकडीतली चार मुलं अजून गेटपाशी होती, त्यांना बोलावलं, मुंगीला बोलावलं आणि दिवे देऊन त्या दिवशीसारखंच रांगेत उभं केलं. भावजयीला निरोप पाठवला. ती टेबल आवरत असावी, हातात खोकं घेऊनच आली.

"तिसऱ्या रांगेत बस," मी म्हटलं. "कागद घे. वाच."

मुलांना तीन सांगितलं. तिने कागद बघितला, दिवे बघितले, पुन्हा कागद बघितला. "चोवीस," म्हणाली आणि खोकं बाजूच्या खुर्चीवर ठेवलं.

"मुलं वळली, क्रम वळला नाही. मुंगी चुकली नव्हती."

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही इथेच बसला होतात."

"हो."

"तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

मला वाटलं ओरडेल. मीही तयारी करून आले होते, चार शब्द माझ्याकडेही होते. पण ती उठली आणि म्हणाली, "मला भांडारखोलीत टाकायचं होतं ना ताई, टाकायचं होतं. मी घरी जाऊन रडले असते, संपलं असतं." मग मंचाकडे बघून थांबली. मुंगीने ओठांवर बोट ठेवलेलं होतं. माझ्यासाठी. अजूनही.

ते बोट तिने बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. "हिला तुम्ही गप्प बसायला सांगितलंत?" ती एवढं हळू बोलली की मुलांना ऐकू गेलं नसेल.

मी हो म्हटलं. डॉक्टर, त्या वेळी राग नव्हता. कुठे गेला होता कोण जाणे.

बुधवार, ५ मार्च

खुलासा मी माझ्या अक्षरात लिहून दिला. मांडणी उलटी होती, मला सरावाच्या दिवशी दिसली होती, मी सांगितली नाही. विद्यार्थिनीला चूक कुठे आहे ते आधीच कळलं होतं, तिला मी बोलू दिलं नाही. शेवटी लिहिलं की मागचा गट मी सुरू केला होता, तो बंद करावा. मुख्याध्यापिकांनी दोनदा वाचला. "बाई, हे तपासनिसांकडे गेलं तर तुम्ही वर्गात राहत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, पाठवा.

सोमवार, १७ मार्च

भांडारखोली. नकाशांना वाळवी लागली आहे. पाच पिशव्या इथेच आणून ठेवल्यात, भावजयीची नोकरी टिकली, दुसरी आता तिच्याकडे आहे आणि तिने त्या मागितल्या नाहीत. नवीन शिवल्या. निळ्या आहेत, दारातून दिसल्या.

घरी ती माझ्याशी बोलते. मीठ द्या, दिवा बंद करा, एवढं. ताई म्हणते. भाऊ हवामान वाचतो.

मुंगी आता टेबलाशी माझ्या समोर बसत नाही, आईच्या पलीकडे बसते. आज आई पाणी आणायला उठली तेव्हा मी पटकन वाकून म्हटलं, "मुंगे, ऐक ना, एक सांगायचंय तुला." मला फक्त म्हणायचं होतं की तू चुकली नव्हतीस, तुझं सगळं बरोबर होतं.

तिने चमचा खाली ठेवला आणि दाराकडे बघितलं.

"थांब आत्या," ती म्हणाली. "आई येऊ दे, मग सांग."